बंब परसात होता, गीझर मोरीत नको

पत्र: नमस्कार काका. आम्ही इंदुरात रामबागेत राहतो, जुन्या घराच्या वरच्या मजल्यावर. घरात आम्ही दोघं, सासूबाई (वय ७४) आणि दोन मुलं. विजेचा गीझर या पावसाळ्यात गळायला लागला, टाकी आतून गंजली आहे. दुकानदार म्हणतो, गॅस गीझर घ्या, स्वस्त पडेल, बटण दाबलं की लगेच गरम पाणी. बाथरूम ५ बाय ४ फुटांची आहे, वर एक छोटी झरोक्यासारखी खिडकी. मागच्या भिंतीला लागून उघडी गच्ची आहे, तिथे आम्ही कपडे वाळत घालतो. मिस्त्री म्हणाला, "अंदर ही लगेगा, सब लोग अंदर ही लगवाते हैं।" शेजारच्या काकूंकडे दहा वर्षांपासून आतच आहे, त्यांना काही झालं नाही. सासूबाई मात्र अडून बसल्या आहेत. म्हणतात, "आमचा बंब परसात होता, आता आग मोरीत कशाला आणता?" पाणी नर्मदेचं, एक दिवसाआड, उन्हाळ्यात बोरिंगचंही मिसळावं लागतं. दिवाळीच्या आत निर्णय घ्यायचा आहे. गॅसचा घ्यावा का, कोणता घ्यावा, आणि खर्च खरंच कमी येतो का?

उत्तर:

ताई, तुमच्या पत्रातलं सगळ्यात शहाणपणाचं वाक्य सासूबाईंचं आहे. दुकानदार, मिस्त्री आणि शेजारच्या काकू एका बाजूला आणि त्या एकट्या दुसऱ्या बाजूला असल्या, तरी या बाबतीत त्यांचंच ऐका.

बंब आठवा. तांब्याचं भांडं, मधोमध उभी नळी, तिच्यात ढलप्या, गोवऱ्या, नाहीतर कोळसा. धूर वरच्या तोंडातून बाहेर. हा बंब परसदारी असायचा, फार तर पडवीत, जिथे कौलं आणि भिंत यांच्यामध्ये हात जाईल एवढी फट असे. पाणी तापलं की बादली उचलून न्हाणीत न्यायची. हेलपाटा पडायचा, पण आग बाहेर राहायची आणि माणूस आत. गॅस गीझरमध्ये तीच आग आहे. फरक इतकाच की तिचा धूर डोळ्यांना दिसत नाही, म्हणून ती आग आहे हेच आपण विसरतो.

आधी हिशेब करू, म्हणजे मी उगाच भीती घालतोय असं वाटणार नाही. मिनिटाला ६ लिटर पाणी देणारा साधा गीझर पूर्ण ज्योतीवर तासाला साधारण १ किलो गॅस जाळतो. एक किलो एलपीजी नीट जळायला सुमारे १५ किलो हवा लागते. म्हणजे गीझर दहा मिनिटं चालला, तर जवळजवळ अडीच किलो हवा त्यानं घेतली. आकारमानात दोन घनमीटरांहून जास्त. आता तुमची बाथरूम: ५ बाय ४, उंची ८ फूट धरली तर साडेचार घनमीटर. दार बंद, झरोका थंडीमुळे बंद. दहा मिनिटांत निम्म्या खोलीच्या हवेतला प्राणवायू आगीनं घेतला आणि त्याच खोलीत तुमची मुलगी केस धुते आहे.

प्राणवायू इतका खाली जायच्या बराच आधी ज्योत बिघडते. गॅस अर्धवट जळू लागतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, घशात खवखव नाही. सिलिंडरच्या गॅसला जो वास येतो तो गळती कळावी म्हणून मुद्दाम मिसळलेला असतो, आणि तो ज्योतीत जळून जातो. त्यामुळे "वास आला तर कळेलच की" हे इथे खरं नाही. हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूच्या दोनशे पटींहून जास्त घट्ट धरतो. आधी डोकं जड होतं, मग मळमळ, मग पायांतलं बळ जातं. माणसाला कडी दिसत असते, पण हात उचलत नाही. डॉक्टर मंडळींनी या प्रकाराला 'गॅस गीझर सिंड्रोम' असं नावच दिलं आहे, कारण बाथरूममध्ये अचानक बेशुद्ध पडलेले किंवा फिट आलेले रुग्ण त्यांच्याकडे हिवाळ्यात येतात आणि मेंदूच्या तपासण्या करून झाल्यावर कारण निघतं गीझर.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. काही वर्षांपूर्वी नरक चतुर्दशीला मी धाकट्या बहिणीकडे होतो. पहाटे पाचला अभ्यंगस्नानं सुरू झाली. उटणं, तेल, एकामागून एक आंघोळ, गीझरला मधे उसंत नाही. खिडकीतून वारा येतो म्हणून मेहुण्यांनी तिला पुठ्ठा लावला होता. चौथा नंबर भाचीचा. बाहेर आम्ही फुलबाज्या घेऊन उभे, आतून पाण्याचा आवाज येतोय आणि ती हाकेला ओ देत नाही. दार तोडलं. ती बादलीशेजारी पडली होती, गाल छान गुलाबी दिसत होते. त्या गुलाबी रंगानं मी क्षणभर निर्धास्त झालो होतो, ते आठवलं की आजही पोटात गोळा येतो.

दवाखान्यात बोटाला लावायच्या यंत्रानं प्राणवायू ९८ दाखवला. सुदैवानं तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न विचारला, "बाथरूममध्ये गॅस गीझर आहे का?" साधं ऑक्सिमीटर कार्बन मोनॉक्साइडनं भरलेलं रक्त आणि प्राणवायूनं भरलेलं रक्त यांत फरक करू शकत नाही, ते दोन्हींना चांगलंच म्हणतं. त्यांनी रक्ताची वेगळी तपासणी करवली आणि लगेच प्राणवायूचा मास्क लावला. नुसत्या हवेवर हा वायू रक्तातून निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, मास्कनं शुद्ध प्राणवायू दिला तर तास-दीड तासात काम होतं. भाची वाचली. गीझर बसवणाऱ्यानंही तेव्हा हेच म्हटलं होतं, "खिड़की है ना, कुछ नहीं होगा।"

आता शेजारच्या काकूंची दहा वर्षं. त्यांची खिडकी उघडी राहत असेल, आंघोळी आटोपशीर असतील, दाराखाली फट असेल. पण एखाद्या जानेवारीत पाहुणे येतील, किंवा रंगपंचमीला गेरच्या मिरवणुकीतून परतलेली चार पोरं अंगाचा रंग सुटेपर्यंत पाऊण तास पाणी ओततील, त्या दिवशी ती फट पुरणार नाही. कुणी सांगावं, आंघोळीनंतर काकूंचं डोकं दुखत असेल आणि त्या पित्त म्हणून सोडून देत असतील. हे पत्र त्यांनाही वाचून दाखवा. आणि पंखा बसवला की प्रश्न मिटला असंही समजू नका. बंद खोलीतला जोरदार एक्झॉस्ट फॅन कधी कधी गीझरच्या धुरांड्यातला वायूच उलटा आत ओढतो.

तर माझं उत्तर असं: गॅस गीझर जरूर घ्या, पण तो मागच्या उघड्या गच्चीत टांगला जाणार असेल तरच. तुमच्याकडे ती गच्ची आहे, भिंतीला लागून आहे, हे भाग्यच आहे. नसती, तर मी सरळ १५ लिटरचा विजेचा गीझर सुचवला असता, चांगल्या अर्थिंगवर, आणि आंघोळीला जाण्याआधी स्विच बंद करण्याच्या सवयीसह. आमच्या भागात कित्येक फ्लॅटांमध्ये बाथरूम फक्त डक्टला लागून असते. तिथे गॅसचा विचारच करू नये, कारण डक्टात सोडलेला वायू वरच्या मजल्यावरच्यांच्या खिडकीतून आत जातो.

खर्चाचं विचारलंत. भाव बदलत राहतात, म्हणून मी तुम्हाला मोजायची पद्धत देतो. समजा वरच्या टाकीतलं पाणी १८ अंशांवर आहे आणि ते ४२ पर्यंत न्यायचं आहे. १५ लिटरच्या एका बादलीला चांगल्या गीझरमध्ये ४० ग्रॅमच्या आसपास गॅस लागतो. म्हणजे १४.२ किलोच्या सिलिंडरात साधारण ३५० बादल्या. पाच माणसं, रोज पाच बादल्या, तर एक सिलिंडर सत्तर दिवस. तेवढंच पाणी विजेवर तापवायला, गीझरच्या टाकीतून वाया जाणारी उष्णता धरून, १६० युनिटांच्या आसपास लागतील. आता आज सिलिंडर केवढ्याला आहे ते एका बाजूला लिहा, आणि तुमच्या वीजबिलावर शेवटच्या टप्प्याचा जो दर छापलेला असतो त्याला १६०नं गुणून दुसऱ्या बाजूला लिहा. फरक बहुधा गॅसच्या बाजूनं निघेल, पण दुकानदार सांगतो तेवढा निघेलच असं नाही. शिवाय शॉवर घेणारी मुलं असतील तर बादलीचा हिशेब विसरा. लगेच आणि न संपणारं गरम पाणी मिळालं की माणूस जास्त वापरतो. इंदुरात वर्षातले बरेच महिने ऊन चांगलं पडतं, गच्चीवर जागा असेल तर सौर बंबाचाही विचार करण्यासारखा आहे. तो आजच घ्या असं नाही, पण पाण्याची टाकी उचलून उंच करायचं काम निघालंच तर त्याच वेळी मिस्त्रीला जागा दाखवून ठेवा.

टाकी उचलायचं म्हणालो, कारण तुमची खरी अडचण तिथे आहे, आणि ती तुम्हाला कुणी सांगितली नसणार. गॅस गीझर पाण्याच्या जोरावर पेटतो. आत एक रबरी पडदा असतो, पाण्याच्या दाबानं तो सरकला की गॅसची झडप उघडते आणि ठिणगी पडते. तुम्ही वरच्या मजल्यावर, टाकी बरोबर डोक्यावर, स्लॅबवरच टेकलेली असणार. पाण्याची उंची मिळणार जेमतेम पाच-सहा फूट. इतक्या दाबावर कित्येक गीझर पेटतच नाहीत, किंवा पेटून विझतात, आणि लोक कंपनीला शिव्या देतात. खालच्या मजल्यावर तोच गीझर मजेत चालतो. म्हणून खरेदीच्या आधी एक करा: गच्चीकडच्या भिंतीजवळच्या नळाखाली १५ लिटरची बादली ठेवा, नळ पूर्ण उघडा, घड्याळ लावा. तीन मिनिटांच्या आत भरली तर आशा आहे. पाच मिनिटं लागली तर टाकीखाली चार-पाच फुटांचा लोखंडी स्टँड घ्यावा लागेल, किंवा टाकीपासूनची लाइन पाऊण इंची करावी लागेल. खोक्यावर 'किमान पाण्याचा दाब' छापलेला असतो, तो वाचून घ्या. तुमच्यासाठी कमी दाबाचं मॉडेलच हवं.

निवडीत आणखी काय पाहायचं? ६ लिटरचा पुरे, त्याहून मोठा तुमच्या पाण्याच्या जोरावर चालणार नाही. आयएसआयची खूण आणि १५५५८ हा मानक क्रमांक असलेलाच घ्या. आतली कॉइल तांब्याची हवी. ज्योत विझली तर गॅस आपोआप बंद करणारी सोय, पाणी फार तापलं तर बंद होणारी सोय, आणि वीस मिनिटांनी स्वतःहून बंद होणारा टायमर, या तिन्ही असाव्यात. प्राणवायू कमी झाला की बंद होतो असं सांगून कुणी 'मग आत लावा' म्हणेल, तर ऐकू नका. सुरक्षेची कळ असणं आणि धोक्याच्या जागी यंत्र टांगणं या वेगळ्या गोष्टी आहेत. अवंतिका गॅसची पाइपलाइन तुमच्या गल्लीत आली असेल किंवा येणार असेल, तर दुकानात आधीच सांगा. पाइपच्या गॅसचा दाब सिलिंडरच्या गॅसपेक्षा कमी असतो आणि बर्नरची भोकं वेगळी लागतात. सिलिंडरचा गीझर तसाच पाइपला जोडायचा नसतो.

बसवताना तुम्ही स्वतः समोर उभ्या राहा. गीझर बाथरूमच्या झरोक्याच्या खाली नको, बाजूला तीन-चार फूट तरी सरकवा, नाहीतर बाहेर काढलेला वायू झरोक्यातून परत आत. वर पावसापुरता पत्रा चालेल, पण गच्ची काचेनं किंवा प्लास्टिकच्या शीटनं बंद करू नका. आपल्याकडे हिवाळा आला की बाल्कन्या झाकायची हौस सगळ्यांना असते, आणि झाकलेली बाल्कनी म्हणजे पुन्हा एक खोलीच. पाण्याचा पाइप गरम पाणी सोसणाऱ्या सीपीव्हीसीचा, पांढरा साधा पीव्हीसी नको, आणि गीझरच्या तोंडाशी पहिला तुकडा धातूचा. बाहेरून आत पाइप चार-पाच फुटांचाच आहे, त्यावर फोमची नळी चढवली की पाणी वाटेत निवत नाही. थंड पाण्याच्या बाजूला जाळी आणि कॉक हवाच.

सिलिंडर गच्चीतच, सावलीत, उभा. आडवा कधीही नाही. जवळ नालीचं तोंड नको: हा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीवरून सरपटत नालीत उतरतो. आणि स्वयंपाकघरातल्या शेगडीच्या नळीला टी जोडून भिंतीला भोक पाडून लांबलचक रबरी नळी आणू देऊ नका. हा प्रकार मी फार ठिकाणी पाहिला आहे. लांबवर न्यायचंच असेल तर तांब्याची नळी आणि काम गॅस एजन्सीच्या माणसाकडून. रबरी नळी दीड मीटरच्या आत, केशरी सुरक्षा नळी, तिच्यावर साल छापलेलं असतं. पाच वर्षं झाली की बदलायची, दिसायला नवी असली तरी. सगळं जोडून झालं की साबणाचा फेस प्रत्येक सांध्याला लावायला लावा. बुडबुडा आला तर काम पुन्हा. काडी पेटवून तपासणाऱ्या मिस्त्रीला चहा पाजून घरी पाठवा.

देखभालीत तुमचा शत्रू पाणी आहे. नर्मदेचं पाणी त्या मानानं बरं, पण बोरिंगचं पाणी तापलं की तांब्याच्या नळीत आतून पांढरे क्षार धरतात. पाणी जितकं जास्त तापवाल तितके जास्त. म्हणून गीझरची कळ कडक गरमवर ठेवून मग बादलीत थंड मिसळण्यापेक्षा, हवं तेवढंच तापेल अशी ठेवा, गॅसही वाचतो. क्षार धरल्याची खूण म्हणजे धार बारीक होते आणि आत खडखड, सूं असा आवाज येतो. मेकॅनिक लिंबाच्या फुलाचं (सायट्रिक ॲसिडचं) कोमट पाणी कॉइलमध्ये अर्धा-पाऊण तास भरून ठेवतो आणि धुऊन काढतो. तुमच्या पाण्याला हे वर्षातून एकदा लागेल, नवरात्राच्या सुमारास करून घेतलं की दिवाळी निर्धास्त. त्याच वेळी बर्नर आणि कॉइलची पाती ब्रशनं साफ करायला सांगा. थंड पाण्याची जाळी मात्र तुम्हीच महिन्यातून एकदा काढून धुवा, पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी आलं की लगेच. ठिणगीचे दोन मोठे सेल दर दिवाळीला नवे घाला. निम्म्या तक्रारी तिथेच संपतात.

ज्योतीकडे आठवड्यातून एकदा बघायची सवय लावा. निळी आणि शांत हवी. पिवळी दिसली, टोकं लवलवली, किंवा वरच्या पत्र्यावर काजळी आली, तर गीझर बंद, मेकॅनिक येईपर्यंत चुलीवर पाणी.

सासूबाईंसाठी एक वेगळी काळजी. नळ बंद करून लगेच पुन्हा उघडला, तर कॉइलमध्ये अडकलेलं पाणी फार कढत येतं. तांब्या-तांब्यानं नळ उघडझाप करत आंघोळ करणाऱ्यांना इथेच चटका बसतो. त्यांना बादली आधी भरून द्या, हात घालून बघा, मग त्यांना आत जाऊ द्या. आणि कडी आतून लावू नये असं घरात ठरवा, नुसतं दार लोटून घ्यायचं. हा नियम गीझर बाहेर असला तरी चांगला.

गळतीचा वास आला तर रेग्युलेटर बंद करा, दिव्याचं बटण वरही करू नका आणि खालीही करू नका, बाहेर या आणि १९०६ला फोन करा. कुणी गीझर चालू असताना गळून पडलं, तर आधी गॅस बंद, मग त्या माणसाला उघड्यावर ओढा, १०८ बोलवा, आणि डॉक्टरांनी विचारायची वाट न बघता त्यांना सांगा की घरात गॅस गीझर आहे.

दुकानात जायच्या आधी मला दोन आकडे कळवा: बादली किती मिनिटांत भरली, आणि टाकीचा तळ त्या नळापासून किती फूट वर आहे. स्टँड लागेल की नाही ते त्यावरून सांगतो. सासूबाईंना माझा नमस्कार सांगा, आणि गीझर कुठे टांगायचा ती जागा खडूनं त्यांनाच दाखवायला लावा.